आधी अंडी, मग जनुक

अनेक आशीर्वाद.

कर्करोगाच्या गाठीचा रक्तपुरवठा रोखणाऱ्या जनुकावर काम करायचंय, आणि त्याचा परिणाम कोंबडीच्या गर्भाच्या अंड्यातल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावर तपासायचाय, असं कळवलंस. जनुक ठरलंय, अंड्यांचं काहीच ठरलेलं नाही. आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

नव्या रक्तवाहिन्या फुटल्याशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरपुढे सहसा जात नाही, हे अमेरिकन शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. वाहिन्या फुटायला लावतं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन. तुझ्या जनुकापासून बनणारं प्रथिन, एसएफएलटी-१, त्याला वाटेतच धरतं. जनुक दिलं की शरीर हे प्रथिन स्वतःच बनवत राहतं. गोम अशी की नळ सहज बंद करता येत नाही. रक्तदाब वाढतो, जखम भरायला वेळ लागतो. आणि ‘गाठ मरते’ असं लिहू नकोस. तिची वाढ मंदावते, एवढंच.

बाजारातली अंडी फलित नसतात. उबवणी केंद्रातून आठवड्याच्या आतली आण, फ्रिजमध्ये ठेवू नकोस. उबवणी यंत्रात तापमान ३७.५ अंश, आर्द्रता ६० टक्के. रत्नागिरीत जुलैत बाहेर ९० टक्के असली तरी यंत्रात हवा तापली की ती पन्नाशीवर उतरते. म्हणून तबकात पाणी हवंच, पण थोडं. जास्त झालं की कवचात कापलेल्या खिडकीवरच्या टेपखाली बुरशी धरते. लाइट गेले तर दार उघडू नकोस, वेळ वहीत लिही.

उबवणीच्या तिसऱ्या दिवशी कवच स्पिरिटने पुसून, अंडं आडवं धरून, सुई खालच्या अंगाने घालून २-३ मिली पांढरं काढ. पडदा कवचापासून सुटून खाली बसतो. बलक फुटला तर अंडं गेलं. मग वर सेंटीमीटरभर खिडकी काप. कवचाचा चुरा पडद्यावर पडला तर दाह होऊन भोवती वाहिन्या गोळा होतात आणि मोजणी फसते.

जनुक दिलेल्या पेशींवरचं माध्यम, म्हणजे त्या ज्यात वाढतात तो द्रव, ४८ तासांनी घे. त्यात सीरम नको, सीरममध्येच वाहिन्या वाढवणारे घटक असतात. आठव्या दिवशी पडद्यावर ठेवायच्या छोट्या चकतीवर ते माध्यम १० मायक्रोलिटर घाल. चकती सुकवलीस तर क्षार एकवटतात आणि वाहिन्या नुसत्या क्षारांनीच आखडतात. सोबत रिकाम्या प्लाझ्मिडच्या (जनुक पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या कड्याच्या, पण तुझं जनुक नसलेल्या) पेशींचं माध्यम तुलनेसाठी हवंच. ते नसेल तर तुझ्या आकड्यांवर कुणी विश्वास का ठेवावा?

दहाव्या-अकराव्या दिवशी चकतीभोवतीच्या वाहिन्यांची मोजणी. आधी गर्भाचं हृदय चालू आहे का बघ; मेलेल्या गर्भाच्या वाहिन्या आपोआप ओसरतात. कुठलं अंडं कुठल्या गटातलं, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये.

पहिल्या वीस अंड्यांना जनुक नकोच, नुसती मिठाच्या द्रावणाची चकती ठेव. दहाव्या दिवशी त्यातली पंधरा जिवंत निघाली की मग प्लाझ्मिडची कुपी उघड.