अमेरिकन आर्मीत सैनिकाला वर्दी, बूट, चिलखत स्वतःच्या पैशाने घ्यावं लागतं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन आर्मीत सक्तीच्या वस्तूसुद्धा सैनिकाला खिशातून घ्याव्या लागतात हे खरं का. वर्दीच्या बाबतीत थोडंफार खरं आहे, हेल्मेट-चिलखताच्या बाबतीत नाही, आणि माणूस अधिकारी असेल तर हिशेबच वेगळा.

वस्तू कोणाच्या मालकीची, एवढं कळलं की निम्मा गोंधळ मिटतो. अंगावरची वर्दी, बूट, टोपी सैनिकाच्या मालकीची. हेल्मेट, चिलखत, मोठी पाठपिशवी, स्लीपिंग बॅग हे सगळं आर्मीच्या मालकीचं. सैनिकाकडे ते सहीवर, वापरापुरतं असतं. तिसरा भाग हौसेचा किंवा सोयीचा: डोक्याला लावायची बॅटरी, बरे हातमोजे, चिलखतावर अडकवायचे जास्तीचे खिसे (पाऊच). हा खर्च सर्वस्वी ज्याचा त्याचा.

भरती झालेल्या साध्या सैनिकाला प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच वर्दीचा पूर्ण संच फुकट मिळतो. रोजच्या वर्दीचे ४ जोड, बुटांचे २ जोड, टोप्या, व्यायामाचे कपडे, समारंभाचा पोशाख. साबण, दाढीचं सामान, कुलूप असल्या वस्तूंसाठी मात्र पगारातून आगाऊ रक्कम देतात आणि पुढे कापून घेतात. पहिल्या पगारपत्रकात हा आकडा दिसला की ‘वर्दीचे पैसे कापले’ अशी ओरड होते. बहुतेक वेळा ती या सामानाची कपात असते.

त्यानंतर कपडे झिजतात, ते बदलायचे सैनिकानेच. त्यासाठी वर्षातून एकदा, ज्या महिन्यात तो भरती झाला त्या महिन्याच्या पगारात कपड्यांचा भत्ता जमा होतो. पहिली ३ वर्षं कमी दराने, पुढे जास्त दराने. त्याला आयकर नाही. भत्ता म्हणून वेगळा हातात पडत नसल्यामुळे तो इतर खर्चात कधी विरघळला ते कळत नाही, आणि तपासणीच्या आदल्या आठवड्यात बूट फाटलेले असतात. नॅशनल गार्ड (राज्यांचं अर्धवेळ दल) आणि राखीव दलातल्या साध्या सैनिकांना हा वार्षिक भत्ता नसतो. त्यांना जुनी वस्तू देऊन नवी मिळते.

भत्ता पुरतो का? आर्मीच्याच खास वस्तूंपुरता त्याचा हिशेब असतो. बाहेरच्या माणसाच्याही उपयोगाच्या वस्तू, म्हणजे आतले कपडे वगैरे, त्यात धरत नाहीत. स्त्री सैनिकांना अशा वस्तूंसाठी सुरुवातीला एकदा रोख रक्कम मिळते, पुढचा भार त्यांच्यावर. २०२१ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने हेच दाखवलं, की वर्दीपायी स्त्रियांच्या खिशातून पुरुषांपेक्षा जास्त पैसे जातात. वर्दीची रचना बदलली की ताण आणखी वाढतो. नवा हिरवा समारंभी पोशाख १ ऑक्टोबर २०२७ पर्यंत सगळ्यांकडे हवा अशी मुदत आर्मीने घातली. नव्या भरतीला तो संचातच मिळतो, जुन्यांनी याच भत्त्यातून घ्यायचा.

अधिकाऱ्याला वर्दीचा संच मिळत नाही. तो सगळं विकत घेतो. त्याबदल्यात सुरुवातीला एकदाच भत्ता, जो अनेक वर्षं ४०० डॉलर होता, आणि दरवर्षीचा काही नाही. समारंभी पोशाख, रोजच्या वर्दीचे जोड आणि बूट धरले तर तेवढ्यात भागत नाही हे उघड आहे. युद्धसाहित्य मात्र त्यालाही इतरांसारखंच सहीवर, फुकट मिळतं.

बूट बाहेरून घेतले तर चालतात, पण नियमात बसले पाहिजेत: उंची ८ ते १० इंच, रंग ठरलेला, झिप नाही. झिप लावलेले महागडे बूट घेऊन पैसे वाया घालवणारे नवशिके काही कमी नाहीत. एक नियम सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे: ऐच्छिक यादीतली वस्तू विकत घेण्याची सक्ती वरिष्ठाला करता येत नाही. ‘आपल्या तुकडीत सगळे हेच घालतात’ हा आदेश नव्हे.

चिलखताची गोष्ट जरा वेगळी. इराक युद्धाच्या सुरुवातीला पुरवठा कमी पडला आणि सैनिकांच्या घरच्यांनी बाजारातून चिलखतं घेऊन पाठवली. २००४ च्या कायद्याने अशा खरेदीची भरपाई द्यायचं ठरलं, वस्तूमागे कमाल ११०० डॉलर. मार्च २००६ मध्ये आर्मीने बाहेरचं चिलखत वापरायलाच बंदी केली, कारण ते चाचणीतून गेलेलं नसतं. डोळ्यांच्या संरक्षक चष्म्याचंही तसंच, मान्य यादीतलाच चालतो. त्यामुळे आज कोणी ‘चिलखत स्वतः घ्यावं लागतं’ म्हणत असेल तर तो वीस वर्षांपूर्वीची बातमी सांगतोय. (सगळंच स्वतः आणायचे दिवसही होते. १७९२ च्या मिलिशिया कायद्याने नागरिकाने स्वतःची बंदूक, संगीन, बंदुकीत ठिणगी पाडायच्या २ जास्तीच्या गारगोट्या आणि २४ काडतुसांची पेटी बाळगायची होती.)

खरे पैसे जातात ते सामान परत करताना. बदली झाली किंवा नोकरी संपली की सहीवरचं सगळं आर्मीच्या स्टोअरला परत द्यायचं असतं. तिथे अडकायचं नसेल तर सुरुवात घेतानाच करावी: सही करण्याआधी प्रत्येक वस्तू मोजा. यादीत ६ खिसे आणि पिशवीत ५, आणि तुम्ही सही केली, तर सहावा तुमच्या नावावर हरवला.

परत करायच्या महिनाभर आधी स्वतःच्या नावची यादी काढा आणि सगळं जमिनीवर मांडून ओळीने ताडा. सारख्या दिसणाऱ्या दोन पिशव्यांचे साठा क्रमांक वेगळे असू शकतात. क्रमांक शिवलेल्या लेबलवर असतो, म्हणून लेबलं कापू नयेत. चिखल, वाळू, ओल दिसली की कारकून परत पाठवतो आणि रांग पुन्हा पहिल्यापासून. पाठपिशवीच्या शिवणीत आणि पाण्याच्या भांड्याच्या कडेला घाण राहते, तिथेच तो आधी बोट फिरवतो. चिलखताचं कापडी आवरण धुताना आतले थर आणि कडक प्लेट्स काढा. थर भिजवायचे नाहीत आणि सिरॅमिकची प्लेट आपटली तर बाहेरून न दिसता तडकते. वापरून फाटलेलं सामान वेळेत नेलं तर विनामूल्य बदलून मिळतं. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. सामान दिल्यावर सुधारलेली यादी हातात घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

वस्तू खरंच हरवली तर दोन रस्ते. चूक मान्य असेल तर घसारा वजा जाता किंमत पगारातून कापायला सही द्यायची. मान्य नसेल तर सही न करता चौकशी मागायची. चौकशी अधिकाऱ्याला चार गोष्टी दाखवाव्या लागतात: वस्तूची जबाबदारी तुमची होती, निष्काळजीपणा झाला, त्याच निष्काळजीपणामुळे ती गेली, आणि नुकसान झालं. एकही सुटली तर वसुली नाही. सामान्यतः वसुलीला एका महिन्याच्या मूळ वेतनाची मर्यादा असते, पण स्वतःच्या नावावरची शस्त्रं आणि वैयक्तिक साहित्य यांना ती लागू नाही. तिथे पूर्ण रक्कम लागू शकते. आर्मीचा वकील मोफत भेटतो. त्याला कागद दाखवण्याआधी कशावरही सही करू नका, कारण घाईत केलेली सही हीच बहुतेकांची महागडी चूक ठरते. सराव-मोहिमेत किंवा लढाईत वस्तू गेली असेल तर त्याच आठवड्यात कमांडरकडून लेखी टिपण घ्या. वर्षभराने तो कमांडर बदललेला असतो.