वाचक विचारतात : पावाचा राखणदार आणि वाऱ्याचा डोळा

मागच्या अंकात जुन्या इंग्रजी शब्दांवर चार ओळी लिहिल्या आणि पत्रं यायला लागली ती थांबेचनात. सगळी इथे मावणार नाहीत, त्यातली चार घेतलीत.

प्रश्न : शेक्सपिअरची भाषा म्हणजेच ओल्ड इंग्लिश ना? मुलीला मी तसंच सांगितलंय. (एक पालक, फोंडा)

नाही हो, आणि मुलीला आजच सांगा, कारण हा घोटाळा खूप जणांचा होतो. शेक्सपिअर गेला 1616 मध्ये, त्याच वर्षी आपल्या गोव्यातल्या राशोलला फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं मराठी काव्य, छापलं गेलं, म्हणजे तो तसा अलीकडचाच. ओल्ड इंग्लिश पाचव्या शतकापासून साधारण बाराव्या शतकाच्या मध्यापर्यंतची. ज्ञानेश्वरी 1290 ची, ती सांगितली गेली तेव्हा ओल्ड इंग्लिश बोलणारं कुणी उरलंच नव्हतं. आपण ज्ञानेश्वरी अडखळत का होईना वाचतो, आजच्या इंग्रजाला मात्र ओल्ड इंग्लिश परक्या भाषेसारखी शिकावी लागते.

प्रश्न : लॉर्ड शब्दाचा पावाशी संबंध आहे असं ऐकलं, खरं का? (एक वाचक, म्हापसा)

अगदी खरं, आणि हा माझा सगळ्यात लाडका शब्द. जुनं रूप ह्लाफवेआर्द. ह्लाफ म्हणजे पाव, आजचा लोफ तोच, आणि वेआर्द म्हणजे राखणारा, वॉर्डनमधला वॉर्ड. पावाचा राखणदार! शेकडो वर्षं तोंडातोंडी झिजत त्याचा लॉर्ड झाला. लेडी तर त्याहून गोड, तिचं जुनं रूप ह्लॅफदिये, म्हणजे पावाची कणीक मळणारी. त्यातल्या मळण्याच्या तुकड्याचं आणि डो, म्हणजे कणीक, या शब्दाचं मूळ एकच, आणि आपला देह शब्दसुद्धा त्याच मुळातून आलाय, लिंपून मळून आकार दिलेला तो देह. घरच्या चाकराला काय म्हणायचे माहितीये? ह्लाफॅता, पाव खाणारा. म्हणजे एक राखतो, एक मळते, एक खातो, सगळं घर एका पावाभोवती बसलेलं. आपण खाल्ल्या मिठाला जागतो ना, तसंच ते.

आमच्याकडे सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की आई टोपली घेऊन दारात जाते, उंडे म्हणजे गोल पाव मोजून घेते, एखादा दाबून बघते गरम आहे का, मग फडक्यात गुंडाळून ठेवते आणि कुणाला किती मिळणार ते तीच ठरवते. हा शब्द कळल्यापासून मला वाटतं आमच्या घरातली ह्लाफवेआर्द तीच, आणि राजवाड्यातल्या लॉर्डपेक्षा हा मान मोठाच आहे.

प्रश्न : आम्ही खिडकीला जनेल म्हणतो. विंडोशी त्याचं काही नातं? (एक शिक्षिका, केपे)

नातं नाही. जनेल पोर्तुगीज जनेलावरून आलं आणि ते लॅटिनमधल्या दार या शब्दावरून, म्हणजे छोटं दार. विंडो मात्र इंग्रजीचा घरचा शब्दच नाही, तो स्कॅन्डिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतला, विंदआउगा, वाऱ्याचा डोळा. ते लोक आधी लुटायला आले, मग इंग्लंडातच शेती करून राहिले आणि त्यांचे शब्दही राहिले. त्याआधी तिथे खिडकीला म्हणायचे एआगथिरेल, डोळ्याचं भोक. यातलं भोक हरवलं असं समजू नका, नॉस्ट्रिल म्हणजे नाकपुडी, त्यात ते अजून आहे, नाकाचं भोक.

आता आपल्याकडे बघा. वातायन म्हणजे वाऱ्याची वाट, गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. एकात वारा, एकात डोळा, आणि नॉर्समध्ये दोन्ही एकत्र! शिवाय विंड आणि वात, आय आणि अक्ष हे शब्द खरोखरच एका कुळातले, नुसते सारखे ऐकू येतात असं नाही. आमच्या आजोळी शिंपल्यांची जनेलं होती, लाकडाच्या चौकटीत पातळ शिंपले बसवलेले, बंद असली की उजेड दुधासारखा आत यायचा पण वारा नाही, आणि आजी दुपारी एक झडप ढकलायची तेव्हा पहिल्यांदा वारा आणि मग अंगणातला फणस दिसायचा. वाऱ्याचा डोळा म्हणजे काय हे मला तिथेच कळलं.

प्रश्न : पर्वरीला एका कॅफेच्या पाटीवर यी ओल्ड असं लिहिलंय. हा यी कोण? (एक कॉलेज विद्यार्थी)

तो यी नाहीच, तो साधा द आहे, आपण टी-एच-ई लिहितो तो. जुन्या इंग्रजीत थ-दसाठी थॉर्न नावाचं एक वेगळंच अक्षर होतं, पुढे हाताने लिहिताना ते वायसारखं दिसायला लागलं. इंग्लंडचा पहिला छापखानावाला कॅक्स्टन, त्याने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, पण युरोपातून आलेल्या छपाईच्या खिळ्यांमध्ये (धातूच्या अक्षरांमध्ये) थॉर्न नव्हतं, मग छापणारे कधी टी-एच लावायचे, कधी वायवर भागवायचे. लोक वाचायचे मात्र द असंच.

खिळ्यांची ही अडचण आपल्याकडेही झाली. क्रिस्तपुराणवाला तो स्टीफन्स जन्माने इंग्रज, पुराण लिहिलं मराठीत, ओवीत, आणि गोव्याच्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून ती मराठी रोमन अक्षरांत छापावी लागली.