वाचकांचे प्रश्न : सहलीच्या नोंदी आणि वर्गातला संगणक

प्रश्न : शाळेची सहल झाली की संगणकाच्या तासाला आमची मुले छायाचित्रांचे सादरीकरण तयार करतात, आणि पुढे ते कोणी उघडूनही पाहत नाही. दूरच्या एका शाळेशी आमचा परिचय झाला असून दोन्ही वर्गांनी आपापले प्रकल्प एकमेकांना पाठवावेत असे ठरले आहे. सहल आणि संगणक यांची खरी सांगड घालणारा प्रकल्प सुचवाल का?
– एक शिक्षिका

उत्तर : अशा सादरीकरणात पाहणाऱ्याला करण्यासारखे काही उरलेलेच नसते. आपण पाठवलेल्या कामात दुसऱ्या वर्गाला भर घालता आली, ते पडताळता आले किंवा खोडून काढता आले, तरच देवाणघेवाणीला अर्थ येतो. म्हणून एका शाळेला एकटीने पुरा करताच येणार नाही, असा प्रकल्प निवडणे उत्तम.

सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढणे हा तसा प्रकल्प आहे. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने सायीन (आजचे अस्वान) आणि अलेक्झांड्रिया येथील मध्यान्हीच्या सूर्याच्या कोनांत ७.२ अंशांचा, म्हणजे वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका फरक धरला आणि दोन्ही नगरांमधील अंतराला पन्नासने गुणले. आज हे काम एक मीटर लांबीची सरळ काठी, ओळंबा आणि मोजपट्टी यांवर भागते. सपाट जमिनीवर काठी ओळंबा लावून अगदी उभी करावी आणि मध्यान्हाच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी सावलीची लांबी नोंदवावी. घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाले असे नव्हे; सावली सर्वांत आखूड होते तो क्षण खरा, आणि तो त्या त्या ठिकाणी स्वतंत्रपणेच शोधावा लागतो. सावलीच्या लांबीला काठीच्या उंचीने भागले की सूर्य माथ्यापासून जितका कललेला आहे त्या कोनाचा टॅन (त्रिकोणमितीतले गुणोत्तर) मिळतो आणि त्यावरून कोन काढण्याचे काम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत चार ओळींचे आहे. मात्र पायथन कोन अंशांत न देता रेडियन या दुसऱ्या एककात देते, आणि मुले हमखास अडतात ती येथेच. त्यांना अडू द्यावे.

उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १११ किलोमीटरने वाढले की हा कोन एका अंशाने बदलतो. पूर्व-पश्चिम अंतराचा येथे काहीच उपयोग नाही, त्यामुळे जोडीची शाळा आपल्या बरोबर पूर्वेला असेल तर हा प्रयोग सोडून द्यावा. सूर्य माथ्यापासून ३० अंशांवर असताना एक मीटरच्या काठीची सावली मोजण्यात एका सेंटिमीटरची चूक झाली, तर कोनात सुमारे ०.४ अंशाची, म्हणजे अंतराच्या हिशेबात पन्नास किलोमीटरच्या आसपास चूक शिरते. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळे सावलीची कड पुसट असते, तेव्हा एवढी चूक होण्यात मुलांचा दोष फारसा नसतो. शंभर किलोमीटर दूर गेलेल्या सहलीत हा प्रयोग केला तर उत्तर निम्म्याने चुकू शकते. हजार किलोमीटर दूरची शाळा जोडीला असेल तर तीच चूक पाच टक्क्यांवर येते. दूरच्या वर्गाशी मैत्री येथे केवळ शोभेची राहत नाही, ती मोजमापाची गरजच बनते.

मोजणी दोन्हीकडे एकाच दिवशी व्हावी, कारण संपातदिनांच्या (दिवस-रात्र समान असण्याच्या) सुमारास सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, दिवसाला सुमारे ०.४ अंशाने सरकते. अयनदिनांच्या (सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत लहान दिवसाच्या) सुमारास मात्र एका-दोन दिवसांचा फरक चालून जातो. मध्यान्हीची सावली एका शाळेत उत्तरेकडे आणि दुसरीकडे दक्षिणेकडे पडत असेल, तर कोनांची वजाबाकी न करता बेरीज करावी.

सहल जवळची आणि डोंगरावरची असेल तर हवेचा दाब मोजावा, तापमानाच्या मागे लागू नये. पाचशे मीटर चढल्यावर तापमान सरासरीने तीनेक अंशांनी उतरते खरे, पण ऊन, वारा आणि बसमधली गर्दी हा फरक सहज गिळून टाकतात. त्यातही मायक्रोबिटसारख्या छोट्या संगणक-पटलावरचा तापमान-संवेदक मुळात त्याच्या प्रोसेसरचे तापमान मोजतो, त्यामुळे आकडा हवेच्या तापमानापेक्षा अधिक येण्याचा संभव असतो. उलट समुद्रसपाटीपासून पाचशे मीटर चढल्यावर दाब सुमारे ५८ हेक्टोपास्कलने घटतो. बऱ्याच मोबाइलमध्ये दाबमापक असतो. वळणावळणाला दाब आणि वेळ वहीत टिपून ठेवल्यास परतल्यावर त्या नोंदींवरून घाटाचा चढ-उतार आलेखावर काढता येतो, आणि आपल्या डोंगराशी तुलना करायला दुसऱ्या शाळेकडे तिचा डोंगर असतोच.

पाठवताना आलेखाबरोबर मूळ नोंदी, प्रोग्राम आणि काठी कलल्यामुळे वाया गेलेली मोजमापेसुद्धा पाठवावीत. चूक कोठे झाली हे शोधण्यात समोरच्या वर्गाचा जो तास जाईल, तो सुबक आलेख पाहण्यात गेलेल्या तासापेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो.

प्रश्न : सहलीहून मुलांची छायाचित्रे आणि भेट दिलेल्या ठिकाणांचा नकाशा दुसऱ्या शाळेला पाठवणार आहेत. पालक म्हणून काही काळजी घ्यावी का?
– एक पालक

उत्तर : जरूर घ्यावी. मोबाइलने घेतलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये वेळेबरोबर बहुधा स्थळाचे अक्षांश-रेखांशही साठवलेले असतात. संदेशाच्या काही अॅपमधून छायाचित्र म्हणून पाठवले की ही माहिती गळून पडते. तीच फाइल दस्तऐवज म्हणून जोडली तर ती जशीच्या तशी पोहोचते. म्हणून पाठवण्यापूर्वी ही माहिती मुद्दाम काढून टाकावी. मुलाचा चेहरा आणि पूर्ण नाव एकत्र देऊ नये, गळ्यातले ओळखपत्र वाचता येत असेल तर चित्र कापून घ्यावे आणि सहल सुरू असताना काहीच पाठवू नये. नकाशासाठी अक्षांशाची दोन दशांश स्थळे पुरतात, कारण तेवढ्यात सुमारे एका किलोमीटरपर्यंतचे स्थान कळते. चार स्थळे दिली की ते अकरा मीटरवर येते, म्हणजे मुक्कामाची इमारतच दाखवल्यासारखे होते.

प्रश्न : दुसऱ्या शाळेने पाठवलेली नोंदींची फाइल उघडली तेव्हा अक्षरांच्या जागी विचित्र चिन्हे आली आणि तारखाही गोंधळल्या. फाइल खराब झाली असेल का?
– एक शिक्षक

उत्तर : फाइल बहुधा ठीक आहे. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची) फाइल बहुधा युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीने साठवलेली असते आणि तिच्यावर दोनदा क्लिक करून उघडली की एक्सेल तिची अक्षरे कधी कधी दुसऱ्याच पद्धतीने वाचते. फाइल अशी थेट न उघडता एक्सेलमधून आयात करावी आणि युटीएफ-८ हा पर्याय निवडावा. तारखांचा प्रश्न अधिक फसवा आहे, कारण ०३/०४ ही काहींच्या लेखी ३ एप्रिल असते, तर काहींच्या लेखी ४ मार्च. त्यावर आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे लिहिणे हा उपाय आहे, उदाहरणार्थ २०२५-०४-०३. काही देशांत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, तेही पाहून घ्यावे. वेळ स्थानिक आहे की यूटीसी (जगभराची समान प्रमाणवेळ), हे स्तंभाच्या मथळ्यातच लिहिण्याचे दोन्ही शाळांनी ठरवून टाकावे.

प्रश्न : मी स्क्रॅचवर आमच्या सहलीचा खेळ बनवला. दुसऱ्या शाळेतल्या एका मुलाने तो घेऊन स्वतःच्या नावावर टाकला आहे. ही चोरी नाही का?
– आठवीचा एक विद्यार्थी

उत्तर : त्याने तुझा खेळ रीमिक्स केला असेल, म्हणजे त्यात बदल करून नवा बनवला असेल, तर ती चोरी नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये घडलेले, ठोकळे जोडून प्रोग्राम बनवण्याचे स्क्रॅच २००७ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, तेव्हापासून एकमेकांच्या प्रकल्पांवर पुढचे काम करणे हा त्याचा गाभाच आहे. तेथे प्रकल्प जाहीर करतानाच तू इतरांना तो बदलून वापरण्याची परवानगी देतोस. अट एवढीच, की मूळ कर्त्याचे श्रेय द्यावे आणि नवे कामही त्याच अटींवर खुले ठेवावे. रीमिक्सच्या पानावर मूळ प्रकल्पाचा उल्लेख आपोआप येतो, तो तेथे आहे ना ते पाहा. मग त्याचा खेळ आतून उघड आणि त्याने कोणते ठोकळे बदलले ते तपास. एखादा बदल आवडला तर त्याच्या रीमिक्सचे तूही रीमिक्स करू शकतोस. त्याने रीमिक्सचे बटण न वापरता खेळ जसाच्या तसा चढवला असेल आणि तुझे नाव कोठेच नसेल, तर आधी त्याला सौम्य शब्दांत श्रेय द्यायला सांग. त्याने दाद दिली नाही तर प्रकल्पाच्या पानावर तक्रारीची सोय आहे, ती तुझ्या शिक्षकांना सोबत घेऊन वापर.