सेक्रेड स्टोन्स: प्रमोशन लेव्हल १० ला की २० ला?

फायर एम्ब्लेम या व्हिडिओ गेम मालिकेतल्या ‘सेक्रेड स्टोन्स’मध्ये पात्रांना प्रमोशन, म्हणजे वरच्या वर्गात बढती, लेव्हल १० लाच द्यावी की २० पर्यंत थांबावं, असा तुमचा प्रश्न आहे. सरसकट सगळ्यांना २० पर्यंत ताटकळत ठेवू नका.

हिशोब असा: प्रमोशन १० पासून मिळतं. मिळालं की लेव्हल परत १ होते आणि ठरलेले बोनस लगेच अंगाला लागतात. १० लाच केलंत तर १० लेव्हल-अप हुकतात, म्हणजे तेवढ्या वेळा ताकद, वेग वाढण्याची संधी गेली. पण प्रमोशननंतर एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) कमी मिळतो, त्यामुळे बहुतेक पात्रं पुढची २० लेव्हल गाठण्याआधीच गेमची कथा संपते. मी स्वतः लढणाऱ्यांना १५-१६ च्या आसपास बढती देतो. मधेच एखादा टप्पा फारच जड गेला, तर १२ लाही.

नताशाची गोष्ट वेगळी. ती फक्त काठीने साथीदारांना बरं करते, हल्ला करता येत नाही, त्यामुळे तिची लेव्हल स्लो लोकलसारखी चढते. तिला १० लाच गायडिंग रिंग (बढती देणारी अंगठी) द्या, बिशप झाली की प्रकाशजादूने मारायला लागते. फक्त ही रिंग आर्टर आणि ल्यूट या जादू वापरणाऱ्या पात्रांनाही लागते, तेव्हा आधी कोण ते ठरवून ठेवा. रॉस, अमेलिया, इवान या शिकाऊ पात्रांची चिंताच नको. शिकाऊ असताना १० ला पोचले की पहिली बढती आपोआप होते.

मी डोंबिवली ते सीएसएमटी प्रवासात खेळायचो तेव्हा सगळ्यांना २० पर्यंत रखडवलं होतं. अर्ध्या अंगठ्या शेवटपर्यंत पेटीतच राहिल्या!