संमोहनाचा कर्ता कोण?

प्रश्न असा आला आहे: हिप्नोथेरपीला, म्हणजे संमोहनाच्या अवस्थेत सुचवण्यातून होणाऱ्या उपचाराला, मराठीत 'संमोहन चिकित्सा' म्हणावं की 'संमोहनोपचार'? काही जण 'सन्मोहन' लिहितात, ते बरोबर का? आणि 'संमोहित करून दागिने पळवले' या बातमीतलं संमोहन आणि उपचारातलं संमोहन एकच का?

पहिल्या दोन प्रश्नांना फार वेळ नको. 'सन्मोहन' चूक. 'सन्मान'मध्ये 'सत्' आहे म्हणून तिथे 'न्' येतो. इथे 'सम्' हा उपसर्ग आहे. 'संमती', 'संमेलन' लिहितो तसंच 'संमोहन'. 'चिकित्सा' आणि 'उपचार' यांत मी बेलाशक 'उपचार' निवडेन. संस्कृतात आणि हिंदीत चिकित्सा म्हणजे इलाज. मराठीत मात्र त्या शब्दाला छाननीचा अर्थ इतका चिकटला आहे की 'चिकित्सक माणूस' म्हटलं की वैद्य आठवत नाही, शंभर शंका काढणारा माणूस आठवतो. 'संमोहनाची चिकित्सा' हे तर टीकालेखाचं शीर्षक वाटतं. तेव्हा संमोहनोपचार. 'हिप्नोथेरपी' लिहिलंत तरी माझी हरकत नाही, रुळलेला शब्द आहे.

तिसऱ्या प्रश्नाने मात्र माझी दुखरी नस दाबली. गुंगीचं औषध, हातचलाखी, थापेबाजी, दमदाटी, काहीही घडलेलं असो, बातमीत सरसकट 'संमोहित करून' छापलं जातं. लुबाडला गेलेला माणूस गोंधळला होता, घाबरला होता, फसला होता. या प्रत्येकासाठी मराठीत चांगली क्रियापदं आहेत. ती सोडून एका उपचारपद्धतीचं नाव गुन्ह्याला चिकटवायचं, आणि मग वर्षानुवर्षं पोटदुखीने हैराण झालेला माणूस 'नको, ते माझ्याकडून काहीही वदवून घेतील' म्हणून उपचाराकडे फिरकत नाही. शब्दाच्या ढिसाळ वापराची किंमत इथे कुणाच्या तरी दुखण्यात मोजावी लागते.

दोष सगळा बातमीदारांचाही नाही. 'मुह्' हा धातूच तसा आहे. मोह, मूढ, मूर्ख, मुग्ध ही सगळी त्याचीच प्रजा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधातून संमोह होतो, संमोहातून स्मृतिविभ्रम आणि शेवटी बुद्धिनाश. मदनाच्या पाच बाणांपैकी एकाचं नाव संमोहन. विराटपर्वात अर्जुन कौरवसेनेवर सोडतो ते अस्त्रही संमोहनच. बाण असो वा अस्त्र, चित्र एकच: करणारा एक, भोगणारा दुसरा, आणि भोगणाऱ्याची शुद्ध हरपलेली. उपचारात यातलं काहीच घडत नाही. रुग्णाला बोलणं ऐकू येत असतं, बहुतेकांना नंतर सगळं आठवतं, नको वाटलं तर तो डोळे उघडून उठू शकतो. पाठ्यपुस्तकांनी 'संमोहन' पक्कं केलं तेव्हा या शब्दाची जुनी बाधा कुणी ध्यानात घेतली नाही. त्याहून जुन्या 'मोहनिद्रा'चं आजही कौतुक करणारे भेटतात. मला त्या शब्दाचं कौतुक अजिबात नाही. त्यात मोह चूक आणि निद्राही चूक.

निद्रा चूक, आणि तरीही इंग्रजी शब्दात ती बसलेली आहे. खरी गंमत इथे आहे. 'हिप्नॉस' म्हणजे ग्रीक भाषेत झोप, इतकं सगळेच सांगतात आणि तिथेच थांबतात. थांबू नका. आपल्याकडे शब्दाच्या आरंभी जिथे 'स' असतो, तिथे ग्रीकमध्ये पुष्कळदा 'ह' सापडतो. सप्त, हेप्टा. सर्प, हर्पेटॉन, ज्यावरून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शास्त्राला हर्पेटॉलॉजी म्हणतात. सम, होमॉस. आता हिप्नॉसमधला 'ह' काढून 'स' ठेवा. उरतो 'सुप्'. कारण तो 'हि'सुद्धा मुळात 'हु' होता. ग्रीक स्वराचा उच्चार पुढे बदलला. म्हणजे सुप्त, सुप्ती, सुषुप्ती यांतलं 'सुप्'! आणि हे 'सुप्' म्हणजे 'स्वप्' धातूचंच आखडलेलं रूप. वच् पासून उक्त, यज् पासून इष्ट, तसं स्वप् पासून सुप्त. आपले वैयाकरण याला संप्रसारण म्हणतात. 'स्वप्न'ही त्याच धातूचं. आज आपण स्वप्न म्हणजे झोपेत दिसणारं दृश्य एवढंच धरतो. संस्कृतात स्वप्न म्हणजे झोपसुद्धा. गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या 'युक्तस्वप्नावबोधस्य'मध्ये स्वप्न म्हणजे झोपच, अवबोध म्हणजे जागणं.

थोडक्यात, हिप्नॉस आणि स्वप्न ही भावंडं. लॅटिनमधलं सोम्नस हे तिसरं भावंड. निद्रानाशाला इन्सोम्निया म्हणतात ते त्यावरून. संमोहनोपचार करणाऱ्यांच्या तोंडी सतत 'सुप्त मन' असतं. हिप्नोथेरपीतलं 'हिप्' आणि सुप्त मनातलं 'सुप्' एकाच कुळातले आहेत, हे त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

भावंडं म्हणालो, आईमुलं नव्हे. हे ठासून सांगतो, कारण 'ग्रीकांनी हा शब्द संस्कृतातून उचलला' असं अभिमानाने सांगणारे विद्वान कमी नाहीत. उचललेला शब्द 'स' घेऊनच गेला असता. संपूर्ण भाषेत 'स'च्या जागी 'ह' नियमाने येतो, तेव्हा दोघांचा पूर्वज एक असतो. दोन भाषांचं नातं त्यातून जास्त सुंदर दिसतं. उसनवारी सिद्ध करण्याची धडपड कशासाठी?

आणखी एक मतभेद नोंदवतो. 'हिप्नॉटिझम हा शब्द जेम्स ब्रेडने घडवला' हे वाक्य एकातून दुसऱ्या लेखात उतरत आलं आहे. ब्रेड हा मँचेस्टरमधला स्कॉटिश शल्यविशारद. १८४१ साली त्याने एक प्रयोग पाहिला, १८४३ साली त्यावर पुस्तक काढलं, आणि शब्द रूढ झाला तो त्याच्यामुळे, यात वाद नाही. पण 'हिप्नो'ने सुरू होणारे शब्द १८२० च्या सुमारास एनँ द क्युव्हिये या फ्रेंच बॅरनने वापरलेले आहेत. रूढ करणं आणि घडवणं यांत फरक आहे, आणि शब्दांबद्दल लिहिणाऱ्याने तरी तो पाळायला हवा.

ब्रेडबद्दलची सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती कुणी सांगत नाही. त्याला स्वतःलाच हा शब्द पुढे खटकला. ही झोप नव्हे, मन एकाच कल्पनेवर खिळल्याने येणारी अवस्था आहे, असं त्याला दिसून आलं, आणि १८४७ मध्ये त्याने 'मोनोआयडिइझम' हा नवा शब्द सुचवला. मोनो म्हणजे एक, आयडिया म्हणजे कल्पना. सरळ मराठी करायचं तर एकचित्तता. तोवर उशीर झाला होता. लोकांनी झोपेचा शब्द सोडला नाही.

माझं म्हणणं असं की या विद्येचा सारा इतिहास म्हणजे एका क्रियापदाच्या कर्त्यावरून झालेलं भांडण आहे. मेस्मर या अठराव्या शतकातल्या जर्मन वैद्याच्या मते कर्ता तो स्वतः: त्याच्या देहातून एक चुंबकीय प्रवाह वाहतो आणि रुग्ण बरा होतो. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए तिच्यावर होते. त्यांनी रुग्णांना कळू न देता प्रयोग फिरवून पाहिले. प्रवाह नसताना 'आहे' सांगितलं तर परिणाम दिसे. असताना कळलंच नाही तर दिसत नसे. समितीचा निष्कर्ष: प्रवाह वगैरे काही नाही, कल्पनाशक्ती आहे. समितीने ते मेस्मरला खोडून काढायला म्हटलं. पण कल्पनेने जर शरीरात एवढं घडत असेल, तर ती केवढी मोठी गोष्ट आहे! हे नेमकं ओळखलं ते गोव्यातल्या कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेल्या आबे फारिया या धर्मगुरूने. १८१३ पासून पॅरिसमध्ये तो जाहीर प्रयोग करत असे. त्याने सांगितलं की शक्ती करणाऱ्यात नाही, ती अनुभवणाऱ्यातच आहे. त्याने शब्दही बदलले: चुंबकत्वाऐवजी त्याने 'एकाग्रता' या अर्थाचा फ्रेंच शब्द योजला. १८१९ साली तो वारला. फारिया आणि ब्रेड, दोघेही वेगवेगळ्या वाटांनी एकाग्रतेपाशीच आले, आणि दोघांचेही शब्द मागे पडले.

म्हणून माझा आग्रह आहे की मराठीत यासाठी 'अवधान' हा शब्द पुढे आणावा. 'अवधानोपचार' कुणाला जड वाटेल, पण तो शब्द या अवस्थेच्या गाभ्याला हात घालतो. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय उघडतो तो 'तरी अवधान एकवेळें दीजे' या मागणीने. अवधान घेतलं जात नाही, दिलं जातं. देणारा कर्ता! आणि २०१४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या संमोहनविषयक विभागाने जी व्याख्या केली, तिच्यातही हेच आहे: एकवटलेलं अवधान, भोवतालची मंदावलेली जाणीव, आणि सूचनेला प्रतिसाद देण्याची वाढलेली क्षमता. तिन्ही गोष्टी रुग्णाच्या आहेत. रंगलेल्या गोष्टीत बुडालेल्या वाचकाला घरातली हाक ऐकू येत नाही, तो बेशुद्ध नसतो. त्या जातीची ही अवस्था आहे. ही क्षमता सगळ्यांत सारखी नसते. थोड्यांत ती फार, थोड्यांत फारच कमी, बहुतेकांत मधली. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ मध्ये ती मोजण्याची मोजपट्टीच तयार झाली. करणाऱ्याच्या डोळ्यांत जादू असती तर रुग्णाची मोजपट्टी कशाला लागली असती?

उपयोग कशाला, हे विचारणाऱ्यांसाठी: सगळ्यात भक्कम उदाहरण आतड्यांचं आहे. आयबीएस या विकारात तपासण्या निर्दोष येतात, पण पोट दुखतं, फुगतं, शौचाचं तंत्र बिघडतं. १९८४ साली मँचेस्टरमध्येच, ब्रेडच्या गावात, पीटर व्हॉरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधांना दाद न देणाऱ्या ३० रुग्णांवर प्रयोग केला. संमोहनोपचार मिळालेल्या गटात सुधारणा ठळक होती. पोटावर हात ठेवून त्याची ऊब आत पसरते आहे अशी कल्पना करायची, किंवा संथ वाहणाऱ्या नदीची. ब्रिटनच्या २००८ मधल्या वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांत, वर्षभर औषधांनी गुण न आलेल्यांसाठी हा पर्याय विचारात घ्यावा असं आलं. बेल्जियममधल्या लिएज इथे १९९२ पासून काही शस्त्रक्रियांत पूर्ण भूल न देता स्थानिक भूल, थोडं गुंगीचं औषध आणि संमोहन यांची जोड दिली जाते. वैद्यकीय प्रक्रियांतली वेदना आणि धास्ती कमी करायलाही त्याचा आधार आहे. सिगारेट सोडवण्याबाबत मात्र जाहिराती बोलतात तेवढा पुरावा नाही.

आणि 'संमोहनात आठवलं म्हणजे खरंच घडलं' हा समज तर धोक्याचा. अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या समितीने १९८५ मध्येच बजावलं की अशा आठवणी जास्त विश्वासार्ह नसतात. त्या खोट्या असूनही माणसाची खात्री मात्र वाढते. पूर्वजन्माच्या सफरी घडवणाऱ्यांनी हा शब्द वापरणं मला सर्वांत जास्त टोचतं. भ्रम किंवा भास होणाऱ्या मनोविकारांत तर मनोविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

एक शब्द राहिला: सूचना. उपचारात सगळं काम सूचनेवर चालतं, पण मराठीत सूचना म्हटलं की फलकावरचा हुकूम डोळ्यांपुढे येतो. चांगला उपचारक हुकूम देत नाही. 'हात उचला' असं तो म्हणत नाही; 'हात हलका वाटू लागेल, कदाचित आपसूक वर येईल' असं म्हणतो. याला काव्यशास्त्रातलं 'सूचन' जास्त जवळचं आहे, नुसतं सुचवणं. या 'सूच्'चा संबंध कोशकार 'सूची'शी जोडतात, म्हणजे सुईशी: टोकाने दाखवणं. तेव्हा लिहिताना 'सूचन' लिहा. आणि वाक्यरचना करताना 'डॉक्टरांनी तिला संमोहित केलं' असं लिहू नका. 'ती संमोहनात गेली' लिहा. क्रिया तिची आहे, कर्तरी प्रयोगही तिचाच हवा.