रात्री कानात कुईं वाजतंय, कशामुळे?

प्रश्न: डॉक्टर, मी वडगावात 20 वर्षं पॉवरलूमवर आहे, रात्री आडवं झालं की कानात कुईं सुरू होतंय, झोपच लागत नाही बघा. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: दादा, मला पहिला संशय मागाच्या खडखडाटाचाच येतोय, 85 डेसिबलच्या वरचा आवाज रोज 8-8 तास वर्षानुवर्षं ऐकला की आतल्या कानातल्या बारीक केसपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) मरतात आणि त्या परत येत नाहीत, म्हणून उद्यापासूनच इअरप्लग घाला की हो. मळ घट्ट बसला तरी वाजतं, पण काडी, गरम तेल अजिबात नको, कानाच्या डॉक्टरकडूनच काढून घ्या. वय, बीपी, जास्त ॲस्पिरिन हीपण कारणं आहेत. एकाच कानात वाजत असेल, नाडीसारखे ठोके पडत असतील तर लवकर तपासा, आणि अचानक ऐकू कमी आलं तर त्याच दिवशी.