जिल्हा परिषदेच्या शाळांमधला विशेष शिक्षक नेमकं काय काम करतो?

तुम्ही विचारलंय की विशेष शिक्षणात बी.एड. करून विशेष शाळेऐवजी जिल्हा परिषदेच्या शाळांकडे गेलं तर काम काय असतं, आणि त्यात मुलांना खरंच शिकवायला मिळतं की नुसते कागद रंगवायचे. मी बीड जिल्ह्यात समग्र शिक्षामध्ये, म्हणजे सरकारच्या शालेय शिक्षण योजनेत, विशेष शिक्षिका आहे, म्हणून इकडचंच सांगते.

शिकवायला मिळतं. पण विशेष शाळेत तुमचा स्वतःचा वर्ग असतो, मुलं रोज समोर असतात. इथे वर्गच नसतो. मुलं गावोगावच्या, वस्त्यांवरच्या शाळांमध्ये विखुरलेली असतात आणि एकेका मुलापर्यंत आठवड्यातून एकदा पोचता आलं तरी खूप झालं. बाकीचे दिवस ते मूल वर्गावरच्या गुरुजींकडे, नाहीतर घरी आईकडे किंवा आजीकडे. त्यामुळे या नोकरीत निम्मं शिकवणं मोठ्या माणसांना असतं. आपण गेल्यावर त्या वर्गात मुलाला फळ्याजवळ बसवतात का, त्याला प्रश्न विचारतात का, की पुन्हा मागे भिंतीकडेला खडू-पाटी देऊन सोडतात, यावर सगळं अवलंबून आहे.

कानाच्या मशीनचंच बघा. कुठलं साधन लागेल ते ठरवणाऱ्या मोजमाप शिबिरात मूल तपासलं जातं, काही महिन्यांनी मशीन मिळतं, फोटो निघतात. पुढच्या भेटीत विचारावं तर मशीन कपाटात. आई म्हणते, 'बाई, ते शिट्टी वाजवतंय, पोरगं काढून फेकतंय.' मशीन बिघडलेलं नसतं. मुलाचा कान वाढतो, कानात बसणारा मोल्ड सैल पडतो, फटीतून आवाज बाहेर येऊन पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. मोल्ड नव्या मापाचा करून घेतला की मूल मशीन घालतं. सेलचंही तसंच. त्या बारक्या गोल सेलवर रंगीत स्टिकर असतो. तो काढला की हवा लागून सेल चालू होतो आणि मशीन वापरा न वापरा, उतरत जातो. घरातल्या धाकट्या भावंडांनी पाकिटातले सगळे स्टिकर हौसेनं काढून टाकलेले मी पाहिलेत. हे आईला हातात सेल देऊन दाखवावं लागतं, आणि गुरुजींनाही. सकाळी परिपाठाच्या आधी मशीन चालू आहे का एवढं जो शिक्षक रोज बघतो, त्याच्या वर्गातलं मूल वर्षभरात कितीतरी पुढे जातं.

शिकताना तुम्ही एकाच प्रकारात तयार होता, जसं की श्रवणदोष, दृष्टिदोष किंवा बौद्धिक अक्षमता. शाळेत मात्र सगळेच भेटतात. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, आणि त्यातलं कुठलं मूल कोणत्या गावात निघेल सांगता येत नाही. सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हातापायांवर ताबा नसलेलं मूल बस्करपट्टीवर कोलमडत असेल तर दोन भिंतींच्या कोपऱ्यात पाठ टेकवून बसवायचं, मग हात मोकळे होतात आणि पेन धरता येतं. कमी दिसणाऱ्या मुलीच्या वहीवर जाड स्केचपेननं रेघा मारून द्यायच्या आणि फळ्यावर उजेड चमकणार नाही अशी तिची जागा ठरवायची. असल्या गोष्टींना पैसा लागत नाही, फक्त कोणीतरी नीट बघावं लागतं.

अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित जमत नाही त्याचा, वेगळा इशारा देते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. मागे पडलेलं प्रत्येक मूल 'तुमच्या यादीत घ्या' म्हणून पुढे केलं जातं. त्यातलं एखादं पहिलीपासून निम्मं वर्ष शाळेतच आलेलं नसतं, एखाद्याला चष्मा लागलेला असतो. साधारण आठ वर्षं किंवा तिसरीच्या आधी अध्ययन अक्षमतेचं निदान करायचंही नसतं. नको त्या मुलावर शिक्का बसू न देणं हेही आपलं काम, आणि त्यासाठी प्रसंगी मुख्याध्यापकांशी वाद घालावा लागतो. उलट ज्याला खरंच अक्षमता आहे त्याचं प्रमाणपत्र वेळेत निघालं नाही तर दहावीला लेखनिक आणि ताशी २० मिनिटांचा जादा वेळ हातचा जातो.

कागद आहेतच. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीतल्या नोंदी, युडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मुलींचा महिना २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता, मदतनीस भत्ता. कंटाळा येतो, पण आधार बँकेला जोडलं नाही म्हणून भत्ता अडकला तर त्या घरात कोणी येऊन विचारणार नाही. ते आपणच करायचं. जिल्हा रुग्णालयात तपासणीचे वार ठरलेले असतात. मजुरी बुडवून, मुलाला कडेवर घेऊन आलेल्या आईला एखादा कागद कमी म्हणून परत पाठवतात तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून निघण्याआधी पिशवीतले सगळे कागद मी स्वतः बघते.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ऊसतोड. दिवाळीच्या सुमाराला गावं रिकामी होतात. धडधाकट मुलं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, पण ज्याला उचलून शी-शूला न्यावं लागतं त्याला म्हातारी कशी सांभाळणार? ते मूल फडावर, कोपीत म्हणजे मजुरांच्या झोपडीत जातं. व्यायाम सुटतो, पायाला आधार देणारा कॅलिपर गावातच राहतो, पाय आखडतात. जाण्याआधी आईला चार व्यायाम शिकवून मोबाइलवर तिचाच व्हिडिओ काढून द्यायचा आणि अधूनमधून संध्याकाळी फोन करायचा, इतकंच हातात असतं. कायदा या मुलांना १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण देतो. पण वर्षातले पाच-सहा महिने शाळेचं तोंड न पाहणाऱ्या मुलाला ते कसं मिळणार, याचं उत्तर आजवर कोणी नीट दिलेलं नाही आणि मला त्याचा राग येतो.

नोकरीबद्दल स्पष्टच सांगते. वर्षानुवर्षं ही पदं कंत्राटी, मानधनावरची राहिली. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं, आणि २०२४ मध्ये राज्यानं केंद्र पातळीवर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला धरून, ४,८६० पदांना मंजुरी दिली. म्हणून आता वाट थोडी बरी आहे. तुमचं कॉलेज भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, मान्यतेचं आहे ना, हे प्रवेशाआधी तपासा. परिषदेचा नोंदणी क्रमांक असल्याशिवाय या पदावर घेत नाहीत. दुचाकी चालवता आलीच पाहिजे. आणि फी भरण्याआधी जवळच्या गट साधन केंद्रात, म्हणजे तालुक्याच्या शाळांना मदत करणाऱ्या कार्यालयात, जाऊन तिथल्या विशेष शिक्षकांना भेटा, एक-दोन गृहभेटींना सोबत नेतील का विचारा. शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलाच्या घरी तासभर बसलात की हे काम तुम्हाला झेपेल का ते तुमचं तुम्हालाच कळेल. बीडकडे येणार असाल तर कळवा, माझ्यासोबत चला.